एकोणीस नंबरची बोली

रविवारी दुपारी साडेबाराला निकिता आपल्या बापाशी खोटं बोलली. फक्त एका आकड्यापुरतं, पण बोलली.

“किती झालं गं?” अप्पांनी ओसरीवरून विचारलं.

मोबाईलवर दोन लाख शहाऐंशी हजार दिसत होते.

“दोन एक्क्याण्णव,” ती म्हणाली.

“लई झाक.” अप्पांनी टोपी सारखी केली आणि गुडघा धरत उठून ते अंगणाच्या टोकाला लिंबाखाली गेले. तिथं पाठमोरं उभं राहून त्यांनी खिशातला बटनांचा फोन काढला.

निकिताने घड्याळ पाहिलं आणि वहीत लिहिलं : बारा एकतीस. मग ती चुलीपर्यंत गेली, परत आली, पाण्याचा तांब्या उचलला, न पिता खाली ठेवला. पडद्यावर बोट ओढून आकडा ताजा केला. शहाऐंशी. पुन्हा ओढलं. शहाऐंशीच.

बारा चौतीसला आकडा बदलला. दोन लाख त्र्याण्णव हजार. बोली लावणारा : क्रमांक १९.

जे सिद्ध करायचं होतं ते झालं होतं, आणि आता ते सिद्ध झालं नसतं तर बरं, असं तिला वाटत होतं.

अंगणात उभ्या असलेल्या पिकअपचा लिलाव गुरुवारपासून एका वेबसाइटवर चालू होता आणि आज पाचला संपणार होता. गाडी चालवली अप्पांनी, पण कागदावर मालक निकिता. ती अठरा वर्षांची झाली त्या महिन्यात अप्पांनी तीन वर्षं वापरलेली ही गाडी घेतली आणि लेकीच्या नावावर केली, का तर लेकीच्या नावानं घेतलं की बरकत येते. अप्पा, म्हणजे भागवत, हे धंद्याने हेडी. गुरांच्या बाजारात घेणाऱ्याची आणि देणाऱ्याची गाठ घालून बैलांचे सौदे जमवायचे, आणि जमलेला बैल याच पिकअपमधून पोचवायचा. आता बैल कमी झाले, आणि गुडघ्याच्या ऑपरेशननंतर अप्पांना क्लच दाबवेना. गाडी विकायची हे सगळ्यांनाच मान्य होतं. विकायची कशी, यावर मात्र घरात पंधरा दिवस धुसफुस चालली होती.

अप्पांचं गिऱ्हाईक तयार होतं. करण, शेवगावात जुन्या गाड्यांची उलाढाल करणारा. दोन लाख ऐंशी हजार रोख देतो म्हणाला होता. अट एकच : नाव बदलायच्या फॉर्मवर निकिताने सह्या करायच्या, घेणाऱ्याच्या नावाची जागा कोरी सोडायची. पुढे ज्याला गाडी विकेल त्याचं नाव तो टाकणार. तालुक्यात निम्म्या गाड्या अशाच फिरतात आणि कुणाला काही होत नाही.

मालनबाईला झालं होतं. निकिताच्या आईच्या नावावर आधी एक टेम्पो होता. चार वर्षांपूर्वी तो असाच कोऱ्या फॉर्मवर गेला, तीन हात फिरला आणि नदीपात्रात वाळू भरताना सापडला. नोटीस आली मालनबाईला. अकरा वेळा ती तहसील कचेरीच्या बाकावर बसली. साहेबांनी विचारलं, “बाई, वाळू कुठं नेत होता?” ती म्हणाली, “साहेब, क्लच कंचा आन ब्रेक कंचा ते मला ठावं न्हाई, मी वाळू कशी नेऊ?” साहेब हसले, पण पुढची तारीख द्यायला विसरले नाहीत.

आणि निकिता आता बारा तारखेला हैदराबादला चालली होती, एका बियाण्यांच्या प्रयोगशाळेत रुजू व्हायला. तिकडून तारखांना कोण येणार? म्हणून तिने चार साइट धुंडाळून, नियम अथपासून इतिपर्यंत वाचून ही एक निवडली. तिचा नियम तिला फार आवडला होता : घेणाऱ्याने पैसे साइटकडे भरायचे, सरकारी नोंदीत नाव बदललं की मगच ते विकणाऱ्याला मिळणार. मध्ये कुणी कुणाच्या तोंडाकडे पाहायचं कारण नाही.

अप्पांनी एवढंच कबूल केलं होतं : “रविवारी पाचपत्तुर तुझा लिलाव. जमलं तर जमलं. न्हाई जमलं तर सांच्याला करण गाडी न्हेनार, आन तू मुकाट सह्या करनार.”

तिने मान हलवली होती.

सुरुवात छान झाली. बोली लावणाऱ्यांची नावं दिसत नाहीत, फक्त क्रमांक दिसतात. पण गाडी पाहायला कोणता क्रमांक येणार हे विकणाऱ्याला कळतं, त्यामुळे बारा क्रमांक कोण हे निकिताला माहीत होतं. श्रीरामपूरच्या राजेश्वरीबाई. पन्नाशीच्या, स्वतःची बेकरी, आठवडी बाजारांना पाव-खारी पोचवायला गाडी हवी होती. शुक्रवारी त्या अकराला आल्या आणि दीड वाजेपर्यंत गाडीखालून हलल्या नाहीत. चॅसीवर कागद ठेवून पेन्सिल घासून नंबरचा ठसा घेतला आणि कागदपत्रांशी अंक-अंक ताडून पाहिला. टायरच्या खाचेत रुपया उभा करून खोली बघितली. इंजिन गार असताना एकदा आणि तापल्यावर एकदा चालू करून ऐकलं. निकिताला त्या इतक्या आवडल्या की तिने न विचारता सांगून टाकलं, “डावीकडचा दरवाजा पावसात फुगतो हं.”

“बरं झालं सांगितलंस,” त्या म्हणाल्या आणि वहीत लिहून घेतलं.

त्याच संध्याकाळी पाचला बाराने दोन लाख अडुसष्ट हजारांची बोली लावली. निकिताने ठरवलेली राखीव किंमत, जिच्याखाली गाडी विकली जाणार नाही आणि जी कुणाला दिसत नाही, ती पासष्ट होती. म्हणजे काम फत्ते. दोन दिवस नुसतं बसून राहायचं होतं.

अन् मग एकोणीस क्रमांक उगवला.

त्याची चाल तिला शनिवारी खटकली. बारा क्रमांक विचार करून, कधी तासाने, कधी तीन तासांनी, नेमका एक हजार चढवायचा. एकोणीस नेहमी दोन हजार चढवायचा, आणि कधीही गाडी पाहायला आला नव्हता. न पाहता गाडीवर पावणेतीन लाख लावणारा माणूस कोण? तिने वहीत वेळा मांडल्या. एकोणीसची प्रत्येक बोली अप्पांनी ‘किती झालं’ विचारल्यावर तीन ते पाच मिनिटांत पडली होती. शनिवारी दहा ते दोन ती शेवगावला झेरॉक्स काढायला गेली होती. त्या चार तासांत एकही नाही.

योगायोग असू शकतो, असं तिने स्वतःला बजावलं. रविवारी सकाळी साडेनऊला अप्पांनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, “साइट बंद पडलीय.” दीड तास एकोणीस गप्प. अकरा दहाला तिने खरा आकडा सांगितला, त्र्याऐंशी. अकरा चौदाला पंच्याऐंशी पडले. बाराने शहाऐंशी केले.

एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण कॉलेजच्या प्रयोगशाळेत लागलेली खोड; शंकेला जागा उरली की तिला अंगावर मुंगी चढल्यासारखं होई. एकोणीस स्वतः पडदा बघून बोली लावतो की अप्पांचं ऐकून, हे कळायला एकच उपाय होता. म्हणून ते एक्क्याण्णव.

आणि आता एकोणीस क्रमांक, म्हणजे अप्पांचाच कुणीतरी माणूस, सात हजारांची उडी मारून सगळ्यात वर बसला होता.

बारा क्रमांक उत्तर देईल, असं तिला वाटलं. त्या बाईंनी त्र्याण्णवला चौऱ्याण्णव केले तर कुणाला काही कळणारच नाही. एक वाजला. सव्वा वाजला. आईने जेवायला हाक मारली, तिने नुसती मान हलवली. पाहणाऱ्यांची संख्या चार होती, ती तीन झाली. ती उठून गाडीभोवती फेरी मारून आली. पावणेदोनला तिला कळून चुकलं की राजेश्वरीबाई वही मिटून जेवायला बसल्या असणार. त्यांच्या हिशेबात ही गाडी त्र्याण्णवची नव्हतीच.

ती चुलीजवळ आली. अप्पा भाकरी कुस्करत होते.

“अप्पा, एकोणीस नंबर कोण आहे?”

“कंचा एकोनीस?”

“तुम्ही आकडा विचारून लिंबाखाली गेलात की चार मिनिटांत बोली लावतो, तो.”

मालनबाईचा भाकरी थापणारा हात थांबला. “सतरा वर्सं शाळा शिकलीय ती,” ती नवऱ्याला म्हणाली. “तुमाला वाटलं तिला दिसायचं न्हाई?”

“आसाराम हाय,” अप्पा शांतपणे म्हणाले. आसाराम म्हणजे त्यांचा बाजारातला तीस वर्षांचा जोडीदार. “मोबाईलच्या दुकानात त्याचं खातं काढलं. मी सांगतो त्यो आकडा त्यो टाकतो. त्यात काय यवढं?”

“विकणाऱ्याने स्वतःचा माणूस बसवायचा नाही, असा नियम आहे!”

“बाजारात गिऱ्हाईक उभं करत्यातच, बाई. त्याला लबाडी न्हाई म्हनत. भाव जागा करनं म्हनत्यात. एकलं गिऱ्हाईक असलं की पेंगतं. शेजारी दुसरं उभं केलं की खडबडून जागं हुतं. तुझ्या बाईला अडुसष्टावर झोप लागली हुती. शहाऐंशीपत्तुर आनली का न्हाई?”

“आणि शेवटी गिऱ्हाईक निघून गेलं तर?”

“तर आपला मानूस म्हनतो, ‘जाऊ द्या, मला न्हाई परवडत,’ आन मागं सरतो. गिऱ्हाईक परत येतं.”

“इथं मागं सरता येत नाही, अप्पा. लावलेली बोली परत घेता येत नाही. सगळ्यात वर नानांचा आकडा आहे आणि बाई तासाभरात बोललेल्या नाहीत. पाच वाजता गाडी आसारामनानांना विकली जाईल. भरणार आहेत का ते दोन लाख त्र्याण्णव हजार?”

अप्पांचा घास हातात राहिला. “आसाराम? त्याच्याकडं यवढं असतं तर त्यो माझ्यासंगं बैलांची शेपटं पिळत हिंडला असता व्हय?” मग थोड्या वेळाने, आकडा आठवून, “पर यकदम त्र्याण्णव कसं गं झालं?”

निकिताने ते ऐकलं नाही असं केलं.

“त्यांनी पैसे भरले नाहीत की विक्री रद्द,” ती म्हणाली. “चौकशी लागते. आपला लिलावही बाद.”

“मग करन हायच की,” अप्पा म्हणाले, आणि जेवू लागले.

हेच ती दीड तास टाळत होती. अप्पांनी कट केला नव्हता, त्यांच्या मनात तसं काही नव्हतंही. पण रस्ता फिरून-फिरून कोऱ्या फॉर्मपाशीच येत होता, आणि त्यातली शेवटची सात हजारांची फरशी तिने स्वतः बसवली होती.

तिने ओसरीवर बसून साइटच्या साहाय्य कक्षाला लिहिलं. तीन वेळा लिहिलं आणि खोडलं. शेवटी चार ओळी उरल्या : क्रमांक १९ हा माझ्या कुटुंबाच्या ओळखीचा आहे. त्याची बोली खरी नाही. मला आज कळलं. कृपया लगेच थांबवा.

“आपल्याच चोरीची पावती आपनच फाडायची व्हय?” अप्पा मागून म्हणाले. त्यांना वाचता येत होतं, फक्त टाईप करता येत नव्हतं. “लोक काय म्हनतील?”

“लोकांना क्रमांक दिसतात अप्पा, नाव नाही.”

“आमाला दिसतंय की.”

अडीचला आसारामनाना मोटारसायकलवरून आले ते घामाघूम. “भागवता, मेसेज आलाय! ‘आपली बोली सर्वोच्च आहे, अभिनंदन’ म्हनं! आरं मी गाडी घेतली का काय? घरी काय सांगू?”

“सांगा की,” मालनबाई आतून म्हणाली. “पेढे आना म्हनावं.”

“वैनी, जीव गेलाय माझा हितं! घरची म्हनती, पैसं कुठं दडवलं हुतं ते दाखवा आदी!”

कुणी हसलं नाही, तसे ते खाली बसून पुन्हा पुन्हा फोनचा पडदा धोतराला पुसत राहिले.

साडेतीनला फोन आला. तरुण मुलगी होती, पुण्याच्या ऑफिसातून. “मॅडम, तक्रार तुमच्याच गाडीविरुद्ध आहे. तुम्हीच केलीय ना?” तिने दोनदा विचारलं.

“हो, मीच.”

मग तिने नियम वाचून दाखवले. एकोणीसचं खातं बंद. त्याची पाच हजारांची अनामत जप्त. ती अप्पांनी भरली होती. हे ऐकून ते डोळे मिटून भिंतीला टेकले. एकोणीसच्या पहिल्या बोलीपासून जे जे घडलं ते सगळं पुसणार, आकडा पुन्हा अडुसष्टवर येणार. सगळ्यांना कारण कळवणार. लिलाव पाचऐवजी सातला संपणार. “आणि मॅडम, ज्यांची जुनी बोली आहे त्यांनी सातच्या आत ‘कायम’ हे बटन दाबायचं. नाही दाबलं तर ती बोलीही गेली. शेवटी त्यांचा विश्वास राहिला का, ते त्यांनी ठरवायचं.”

“त्यांना मी फोन करून समजावू शकते?”

“नाही मॅडम. प्रश्नोत्तराच्या चौकटीत त्यांनी विचारलं तर उत्तर देऊ शकता. ते सगळ्यांना दिसेल.”

चार वाजता आकडा पडला : दोन अडुसष्ट, क्रमांक १२, खाली लाल अक्षरांत ‘कायम केलेली नाही’. त्याच्या खाली सात क्रमांकाचे दोन एक्कावन्न. ते राखीव किमतीच्या खाली, म्हणजे नसल्यासारखेच.

निकिता बसली, उठली. शेळीला पाणी पाजलं होतं ते विसरून पुन्हा पाजलं. मोबाईलला चार्जर लावला, आणि वायर आखूड म्हणून भिंतीशी उकिडवी बसून राहिली. पाच वाजले. साडेपाच झाले. पाहणारे दोन. त्यातला एक कोण, बारा की कुणी रिकामटेकडा, कळायला मार्ग नव्हता.

सहाला करण आला. अप्पांनी त्याला सांच्याला ये म्हटलं होतं आणि नको सांगायला कुणालाच सुचलं नव्हतं. पांढरा शर्ट, काखेत प्लास्टिकची फाइल. त्याने गाडीच्या बॉनेटवर हात फिरवला, जणू तिची खुशाली विचारली, आणि बाजेवर बसला.

“झालं का ताई तुमचं ऑनलाइन?”

“सातला संपतं.”

“पाचाचं सातवर गेलं? एसटी झाली की राव.” त्याने फाइल उघडून फॉर्म बाजेवर मांडले, वर पेन ठेवलं. “बसतो मी. मला काय घाई न्हाई. मामी, चहा बिनसाखरेचा.”

त्याच्या फॉर्मवर सहीच्या जागी पेन्सिलने बारीक फुल्या केलेल्या होत्या. बाकी सगळं कोरं. निकिताला तिथून नजर काढता येईना.

सहा चाळीसला मोबाईल थरथरला. प्रश्नोत्तराच्या चौकटीत एक ओळ आली होती.

“काय म्हनतंय?” अप्पांनी विचारलं.

तिने वाचलं : “क्रमांक १२ : एकोणीस नंबर कोण होता?”

“वळखीचा हुता म्हन,” अप्पा घाईने म्हणाले. “लांबचा पाव्हना.”

“भागवता, माझं नाव नगं टाकू हां,” आसारामनाना कोपऱ्यातून म्हणाले.

निकिता टाईप करत होती आणि मोठ्याने वाचतही होती, कारण आता कुणापासून काय लपवायचं? “माझ्या वडिलांचे मित्र. भाव वाढावा म्हणून वडिलांनी त्यांना बसवलं होतं. तुमच्या अडुसष्टनंतरची त्यांची एकही बोली खरी नव्हती. मला आज दुपारी कळलं.”

करण खळखळून हसला. “ताई, असं लिवल्यावर कोन गाडी घेईल? देवाच्या दारातबी मानूस यवढं खरं बोलत न्हाई.”

सहा सेहेचाळीस. दुसरी ओळ.

“क्रमांक १२ : तो प्रत्येक वेळी दोन हजार वाढवत होता. शेवटी एकदम सात हजार का?”

हा प्रश्न अप्पांचाही होता. दुपारी त्यांनी तो विचारला होता आणि उत्तर मिळालं नव्हतं. त्यांनी मान तिरकी करून लेकीकडे पाहिलं.

तिचा अंगठा पडद्यावर थांबला. ‘चुकून’ लिहिता आलं असतं. म्हातारा माणूस, टाईप करताना चुकला. नानांनी हो म्हटलं असतं, राजेश्वरीबाईंनाही ते पटलं असतं. पण अडीच तास गाडीखाली झोपून चॅसीचे अंक ताडणारी बाई होती ती, आणि तिने नेमक्या त्याच बोलीवर बोट ठेवलं होतं, जी निकिताची होती.

“ते माझ्यामुळे,” ती वाचत-लिहीत गेली. आवाज बारीक झाला होता. “मला संशय होता. खात्री करायला मी वडिलांना मुद्दाम खोटा आकडा सांगितला, पाच हजार जास्त. त्यांनी त्यावर दोन हजार चढवायला सांगितले. हे मी साइटला कळवताना लिहिलं नव्हतं.”

पाठवलं.

अप्पांनी टोपी काढली, गुडघ्यावर आपटली, आणि म्हणाले, “म्हंजी माझ्याच घरात माझ्यापुढं तू गिऱ्हाईक उभं केलंस व्हय?”

“चुकलं माझं अप्पा.”

“तीस वर्सं बाजारात काडली. मला कुनी असं फशिवलं न्हाई.” रागावले होते की काय, त्यांच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं. “मला इच्यारायचं तरी.”

“तुम्ही खरं सांगितलं असतं?”

अप्पा विचारात पडले. “न्हाई,” ते म्हणाले.

“मग आता भांडा दोगंबी,” मालनबाई म्हणाली. “सात वाजायचेत अजून.”

सहा बावन्न. पन्नास सेकंदांनी एकदा निकिता पडदा ओढत होती. सहा चोपन्न. करणने चहाचा कप खाली ठेवला आणि पेनाचं टोपण काढून ठेवलं, उगाच वेळ नको म्हणून. सहा छप्पन्न. पाहणारा एक. म्हणजे ती स्वतःच.

सहा सत्तावन्नला पाहणारे दोन झाले. लाल अक्षरं गेली आणि त्या जागी हिरवी आली : ‘कायम’.

तिचा विश्वास बसेना. तिने पान बंद करून पुन्हा उघडलं. हिरवंच होतं. सातला पडद्यावर ‘लिलाव पूर्ण’ आलं तेव्हा कुठे ती बोलली, “झालं.”

“कितीला?” करणने विचारलं.

“दोन अडुसष्ट.”

“अडुसष्ट!” तो अप्पांकडे वळला. “मामा, मी ऐंशी म्हनलं हुतं. चला, तीन देतो. तीन लाख, आत्ता, हितं. उद्या त्या बाईला म्हना, गाडी बंद पडली. बत्तीस हजारांचा फरक हाय मामा, तुमच्या पाच हजारांचंबी भागून जाईल.”

निकिताने बापाकडे पाहिलं. सही तिची होती, ती नाही म्हणू शकत होती. पण गाडी अप्पांच्या पैशांची होती, आणि अप्पांनी आयुष्यात बत्तीस हजारांकडे कधी पाठ केलेली तिने पाहिली नव्हती. अप्पांनी बाजेवरचे फॉर्म उचलले, डोळ्यांपासून लांब धरून पाहिले, पेन्सिलच्या फुल्यांवरून अंगठा फिरवला. मग त्यांनी एकदा स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. तिथं मालनबाई उभी होती.

“करन,” ते म्हणाले, “गाडी माझी न्हाई. मालक ती हाय. मी नुस्ता हेडी.”

“हेडीनं मालकाला चार गोष्टी समजवायच्या असत्यात, मामा.”

“समजावलं असतं. पर सौदा झाल्यावर हेडीनं त्वांड घालू न्हाई, हा बाजाराचाच नियम हाय.” त्यांनी फॉर्म फाइलमध्ये घालून फाइल त्याच्या काखेत दिली. “चहा झाला न्हवं?”

“आन हेडीला काय मिळालं ह्यात?”

“पाच हजाराचा खड्डा. आन पोरीच्या शिव्या व्हायच्यात अजून.”

करण गेल्यावर आसारामनाना हळूच म्हणाले, “भागवता, म्हंजी मी गाडी घेतली न्हाई न्हवं? घरी तसं सांगू?”

राजेश्वरीबाई मंगळवारी ड्रायव्हर घेऊन आल्या. शुक्रवारचा पेन्सिलचा ठसा त्यांनी सोबत आणला होता. तो पुन्हा चॅसीवर ठेवून ताडला. अप्पा ओसरीवरच बसून होते, खाली उतरले नाहीत. बाईंनी त्यांना नमस्कार केला आणि निकिताला म्हणाल्या, “तू खरं लिहिलंस म्हणून आले. पण खरं लिहिलंस म्हणून तपासायचं सोडणार नाही हं, वाईट वाटून घेऊ नकोस.” निकिताला वाईट वाटलं नाही. तिने ताबा दिल्याचा कागद केला, त्यावर तारीख, वेळ आणि गाडी किती किलोमीटर चालली तो आकडा लिहिला, दोघींनी सह्या केल्या, आणि फोनवर आलेला सहा अंकांचा नंबर नाव बदलायच्या ऑनलाइन अर्जात भरला. गाडी फाट्याकडे वळताना फुगणारा दरवाजा खडखडला, तेवढाच.

मग आठ दिवस काहीच झालं नाही. पैसे साइटकडे, गाडी श्रीरामपुरात, आणि सरकारी नोंदीत मालक अजून निकिता. ती दिवसातून दहा वेळा गाडीचा नंबर टाकून पाहायची. तिथं मालकाचं पूर्ण नाव दाखवत नाहीत. पहिलं इंग्रजी अक्षर असतं आणि पुढे चांदण्या. रोज तेच एन आणि त्याच चांदण्या. रस्त्यावर कुठेही पांढरी पिकअप दिसली की ती नंबर वाचायची. स्वप्नात एकदा ती तहसीलच्या बाकावर बसली होती आणि साहेब विचारत होते, वाळू कुठं नेत होता.

बारा तारखेला सकाळी अप्पा तिला शेवगावच्या स्टँडवर सोडायला आले. नगरची गाडी लागली तरी ती फोनमध्येच होती.

“ती गाडी सोड आता, ही धर,” अप्पा म्हणाले आणि बॅग खिडकीतून सीटवर टाकून जागा धरली.

बस सुटली. तासाभराने रेंज आली तेव्हा तिने सवयीने नंबर टाकला. चाक फिरत राहिलं. मग नाव आलं. पहिलं अक्षर आर, आणि पुढे तिच्या नावापेक्षा बऱ्याच जास्त चांदण्या.

तिने एकदा, दोनदा पान ताजं केलं. तिसऱ्यांदा केलं नाही. आईला फोन लावला.

“आई, नाव निघालं.”

“कुनाचं लागलं?”

“त्या बाईंचं.”

“कोरं न्हाई न्हवं?”

“नाही, लागलंय. मी बघितलं.”

“बरं,” मालनबाई म्हणाली. “मग डबा उघड आता. धपाटी गार हुत्यात.”